राखून ठेवलेलं नाव

बुधवारी सकाळी आठ वाजता यज्ञेश बापट हॉस्पिटलच्या सर्व्हर-रूममध्ये शिरला तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. साडेअकराची मीटिंग कशीबशी निभावून न्यायची, आणि साडेबारापर्यंत घरी पोचायचं.

घरी म्हाळ होता. पितृपक्षातल्या त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पान वाढून गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर, ठेवायचं आणि कावळा शिवल्याखेरीज घरात कुणी घास घ्यायचा नाही, हा बापटांकडचा रिवाज. उशीर झाला तर परशुराम मास्तर, म्हणजे यज्ञेशचे वडील, रागवत नसत. ते नुसते घड्याळाकडे बघत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असे.

शिवाय सकाळी घरात एक खटका उडालाच होता. मास्तर चहा पिता पिता म्हणाले होते, "यंदा सलिलचंही पान ठेवावं म्हणतो. सहा वर्षं झाली."

"ठेवायचं नाही," आई, कमलाबाई, चुलीकडून म्हणाल्या. "तो गेलेला नाही. हरवलाय. हरवलेल्याचं पान आत मांडतात, बाहेर नाही."

आणि आत ते रोज मांडलं जायचं, यज्ञेशच्या थोरल्या भावाचं. सहा वर्षं, दोन्ही वेळा, चौथं ताट. त्यात आमटी-भात, अळूचं फदफदं असेल तर दुप्पट, कारण सलिलला आवडायचं, आणि कढीची वाटी. सलिल कढी प्यायचा ती लांबलचक भुरका मारून, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल असा, आणि आई दर वेळी "हळू रे" म्हणायची. जेवणं आटोपली की ती तो भात गाईला घालायची आणि कढी मोरीत ओतायची. यज्ञेशला त्या मोरीच्या आवाजाची इतकी चीड होती की तो अलीकडे पाणी प्यायलाही थांबत नसे.

सर्व्हर-रूम म्हणजे थिबा पॅलेसच्या रस्त्यावरच्या त्या ट्रस्ट हॉस्पिटलातली एक्स-रेची जुनी कोठी. चिऱ्याच्या भिंती चार महिन्यांच्या पावसानं पार ओलावलेल्या, त्यावर रंगाचे पोपडे, आणि डेटॉल व बुरशी यांचा मिळून झालेला एक वास. त्या वासात दोन एसी घरघरत असलेले आणि मधोमध लोखंडी मांडणीत दोन दणकट यंत्रं. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणत.

पूर्वी इथं सात जुनेपुराणे सर्व्हर होते. २००८ साली ट्रस्टनं ही दोन यंत्रं घेतली आणि त्या सातांचा संसार या दोघांच्या पोटात घातला. एका चाळीत वेगवेगळी बिऱ्हाडं असावीत तशी एकाच यंत्रात नोंदणी, लॅब, फार्मसी, वॉर्ड अशी वेगवेगळी आभासी यंत्रं नांदत. बाहेर पडायचा दरवाजा मात्र सगळ्यांना सामाईक, आणि तो म्हणजे यंत्राचं नेटवर्क कार्ड. तो दरवाजाच नाहीसा झाला तर आत सगळे धडधाकट असतात, कामही करत असतात, पण त्यांचं बाहेर कुणाला काही कळत नाही.

मंगळवारी दुपारी अडीचला तेच झालं होतं.

झालं होतं म्हणण्यापेक्षा यज्ञेशनं केलं होतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं असेल तर रविवारी सकाळी, लॅबला आणि वॉर्डला आधी सांगून, असा नियम होता. तो सलिलनं घातलेला, तो इथला प्रमुख असताना. यज्ञेशला दोन्ही यंत्रांत एकेक नवं, चौथं कार्ड बसवायचं होतं आणि रविवारची झोप मोडायची नव्हती. त्याची मदतनीस मनस्विनी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होती. तिला बघायला आलेले पाहुणे पितृपक्ष न मानणारे, त्यांना घेऊन घरचे गणपतीपुळ्याला निघाले होते. तिचा कॉम्प्युटर तिच्या लॉगिनसकट उघडाच राहिला होता. यज्ञेश तिथंच बसला. दहा मिनिटांत होईल, कुणाला कळणारही नाही, असं म्हणून त्यानं दोन्ही यंत्रं एकामागून एक बंद केली, कार्डं बसवली आणि चालू केली.

चालू झाली, पण पहिलं कार्ड नव्हतं. यंत्र मोजायला शून्यापासून सुरू करतं, त्यामुळे पहिल्या कार्डाचं नाव ईथ-झिरो. सगळ्या बिऱ्हाडांचा रस्ता त्याच नावावर बांधलेला. आणि यादीत एक, दोन, तीन, चार होती. शून्य नव्हतं.

त्याला घाम फुटला नाही. हा रोग त्याला ठाऊक होता. यंत्राकडे एक छोटी फाईल असते. जे कार्ड पहिल्यांदा दिसेल त्याचा पत्ता आणि त्याला दिलेलं नाव त्यात लिहून ठेवलं जातं. पुढे ते कार्ड काढून टाकलं तरी यंत्र त्याचं नाव दुसऱ्याला देत नाही, ते राखून ठेवतं. न जाणो, परत आलं तर! मग त्या फाईलमधली जुनी ओळ पुसायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय. त्यानं न वाचताच ओळ पुसली. चार वाजता सगळं सुरळीत झालं.

पण त्या दीड तासात राही नावाच्या बाळंतिणीचा रक्ताचा रिपोर्ट लॅबच्या यंत्रात अडकून पडला होता. लॅब समजत होती रिपोर्ट गेला, वॉर्ड समजत होता रिपोर्ट झालाच नाही. फोन उचलून विचारायची सवय कॉम्प्युटर आल्यापासून दोघांचीही मोडली होती. पोरीला अँब्युलन्समध्ये घालून कोल्हापूरला न्यावं लागलं. वाचली बिचारी. पण तिच्या राजापूरच्या माणसांनी फाटकात उभं राहून जो आवाज केला तो ट्रस्टींच्या कानापर्यंत गेला, आणि बुधवारची मीटिंग लागली. विषय एकच, मंगळवारी दुपारी यंत्रं कुणी बंद केली?

बुधवारी पहाटे लाईट गेली, बॅटऱ्या संपल्या, आणि यंत्रं आपोआप बंद होऊन आपोआप चालू झाली.

"सर, परत तसंच," मनस्विनी म्हणाली. ती साडेसातपासून आलेली होती. डोळे सुजलेले. "दोन्हीवर शून्य नाही. आणि सर, काल रीस्टार्ट माझ्या लॉगिननं झालंय असं दिसतंय. मी तर पुळ्याला होते."

"बघू," यज्ञेश म्हणाला. "आधी हे चालू करू."

त्यानं थोरल्यावरची फाईल उघडली. काल पुसलेली ओळ सगळ्यात वर होती.

या वेळी त्यानं ती वाचली. ईथ-झिरो, आणि त्यापुढे कार्डाचा पत्ता, बारा अक्षरांचा, शेवट सात-सी-शून्य-चार. यंत्रातल्या चारही कार्डांचे पत्ते त्यानं ताडून पाहिले. यातलं ते एकही नव्हतं. धाकट्याची फाईल उघडली. तिथंही पहिली ओळ तीच, शेवट सात-सी-शून्य-चार.

"असं कसं असेल?" मनस्विनीनं विचारलं. "जगात प्रत्येक कार्डाचा पत्ता वेगळा असतो ना? आणि हे कार्ड तर दोन्हीत नाहीच."

"असतो कधी कधी घोटाळा."

त्यानं ओळ पुसली. यंत्र चालू केलं. ओळ परत आली. त्यानं सबंध फाईलच उडवली. यंत्रानं नवी फाईल लिहिली, आणि नव्या फाईलची पहिली ओळ तीच. तीनदा झालं, चौथ्यांदा झालं. बाहेर लॅबची माणसं हातानं रिपोर्ट लिहून जिन्यावरून पळत होती, आणि हे एक बरं होतं, निदान आज कुणाचं काही अडलं नव्हतं.

"सर, त्या कपाटात जुनी वही आहे," मनस्विनी म्हणाली. "कार्डांचे सगळे पत्ते लिहिलेत तिच्यात. बघू का?"

नको म्हणायला कारण सुचेपर्यंत तिनं वही काढलीसुद्धा. खाकी पुठ्ठ्याची, कोपरे कसरीनं खाल्लेली. पहिल्याच पानावर तिचं बोट थांबलं.

"हे बघा. 'हॉस्पिटलचं पहिलं कार्ड. जून १९९९.' शेवट सात-सी-शून्य-चार. खाली सही आहे, सलिल परशुराम..." ती थांबली. "सर, हे म्हणजे?"

"माझा भाऊ. थोरला."

"पण मग हे कार्ड आता आहे कुठं?"

"जळलं," यज्ञेश म्हणाला. "दोन हजार तीनमध्ये. तू जरा लॅबमध्ये जाऊन ये. त्यांना म्हणावं अजून तासभर लागेल."

ती गेली. यज्ञेश त्या वहीकडे बघत राहिला.

कार्ड जळलं नव्हतं. ते कुठं आहे हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता आणि तो स्वतः यज्ञेश होता. हॉस्पिटलात कॉम्प्युटर आणले सलिलनं, वायरी ओढल्या सलिलनं, आणि कॉलेज संपून घरी बसलेल्या धाकट्या भावाला हाताशी घेतलं तेही सलिलनंच. २००३ च्या जूनमध्ये सलिल कुरियरचं पार्सल आणायला हातखंब्याला गेलेला असताना धाकट्याला हुक्की आली. आपल्यालाही जमतं, हे दाखवायची. त्यानं भर दुपारी सर्व्हर बंद केला, चांगलं चालणारं कार्ड काढलं, नवं बसवलं, आणि ते चालेना. घाबरून जुनं परत बसवायचंही त्याला सुधरेना. चार तास लॅब आणि वॉर्ड एकमेकांपासून तुटले. वॉर्डाबाहेर रघू नावाचा राजापूरकडचा एक शेतकरी बाकावर बसलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "रिपोट कदी येल वो?" त्याची बायको तुळसा आत होती. रिपोर्ट आला तेव्हा ती नव्हती.

चौकशी झाली. सर्व्हर बंद झाला होता सलिलच्या लॉगिननं, कारण दोघं भाऊ एकच लॉगिन वापरत. भावाभावांत कसली वेगळी चूल! ट्रस्टींनी विचारलं, कुणी केलं? सलिल यज्ञेशकडे बघत राहिला. रागानं नाही. आता हा बोलेल म्हणून वाट बघावी तसा. यज्ञेशनं मान खाली घातली आणि टेबलावरच्या सनमायकाचे रेघोटे मोजले. शेवटी सलिल उठला आणि म्हणाला, "प्रमुख मी आहे. माझंच लिहा." कार्ड जळलं होतं, अशी साक्षही यज्ञेशनंच दिली. कार्ड धडधाकट खिशात होतं. ते दुसऱ्या दिवशी त्यानं मांडवीच्या जेटीवरून समुद्रात फेकलं.

तिसऱ्या दिवशी, पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या वाळूत सलिलच्या चपला सापडल्या. डावीचा अंगठा तांब्याच्या तारेनं शिवलेला, त्यावरून आईनं ओळखल्या. सलिल सापडला नाही. आणि महिन्याभरानं रिकाम्या खुर्चीवर यज्ञेश बसला. घरात सगळे म्हणाले, निदान हा तरी आहे. त्या 'तरी'वर त्यानं सहा वर्षं काढली होती.

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. यज्ञेशनं यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं. चार कार्डांची चार भोकं, चारही वायरी जागेवर. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या खोक्याकडे गेलं, जिथं हॉस्पिटलभरच्या वायरी येऊन मिळतात. खोकं सलिलच्या काळातलं होतं. त्याचं पहिलं भोक सहा वर्षं बिनकामाचं होतं. त्यावरचा हिरवा दिवा लागला होता.

भोकात वायर होती. जुनी, करड्या रंगाची, सलिलनं ओढलेली. तिच्या गळ्यात आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. ही सलिलची पद्धत. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तीन ओळी. 'कुठून', 'कुठे' आणि 'कुणी'. पहिल्या दोन राहिल्या तरी चालतील, तो म्हणायचा, पण तिसरी राहता कामा नये. ज्यानं काम केलं त्याचं नाव हवं. काम चांगलं असो की वाईट.

या चिठ्ठीवर सलिलच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कुठून: पहिलं कार्ड. कुठे: लॅब. कुणी:' आणि पुढची जागा कोरी.

यज्ञेशनं वायर हातात घेऊन तिचा माग काढला. भिंतीच्या कडेनं, कपाटामागून, दाराच्या चौकटीपर्यंत. तिथं ती संपली. २००३ मध्येच कापली होती, त्यानंच. कापलेलं टोक जमिनीवर लोळत होतं. त्यानं ते उचललं. गार आणि ओलं होतं. बोटांना खरखर लागली म्हणून उजेडात धरलं. वाळू होती, पांढरी, बारीक.

खोक्यावरचा दिवा तसाच हिरवा.

तो खुर्चीवर येऊन बसला. नीट विचार करायचा, असं त्यानं ठरवलं. पन्नास कारणं असू शकतात. खोकं बिघडलं असेल. आणि वाळू काय, रत्नागिरीत कुठं नसते! त्यानं सात-सी-शून्य-चारच्या नावावर असलेला जुना नंबर वहीतून घेतला आणि यंत्राकडून त्या नंबराला हाक घातली. ही साधी रीत असते. इकडून विचारायचं 'आहेस का', पलीकडे कुणी असेल तर उत्तर येतं.

उत्तर आलं.

मग दर सेकंदाला एक. पडद्यावर ओळीमागून ओळ. यज्ञेशनं दहा मोजली आणि हाक थांबवली.

उत्तरं येतच राहिली.

त्यानं काही विचारलेलं नव्हतं. दर सेकंदाला एक ओळ पडद्यावर चढत होती. त्यानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. विसावी ओळ. तिसावी. कुणीतरी पलीकडे शांतपणे उभं राहून सांगत होतं, आहे. आहे. आहे.

यज्ञेश उठला. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि चिठ्ठी डाव्या हातात धरली. 'कुणी' या शब्दापुढची जागा दोन बोटं रुंद होती. त्याच्या नावाची तीन अक्षरं मावली असती. पुठ्ठा बोटांखाली मऊ, दमट लागत होता. एवढंच हवंय त्याला, असं यज्ञेशला अगदी स्वच्छ वाटलं. आणि त्याबरोबर संताप आला, सहा वर्षांचा साठलेला. मेलेला माणूस मेला तसा राहत का नाही? आई रोज ताट मांडते, बाबा दर म्हाळाला उसासे टाकतात, माझं लग्न ठरत नाही, घरात मोठ्यानं हसायची सोय नाही. आणि आता हा इथंही!

दारात मनस्विनी आली. "सर, साडेअकरा. बोलावलंय."

त्यानं पेन खिशात टाकलं.

हरिश्चंद्र सुर्वे हे ट्रस्टचे सेक्रेटरी. तलाठ्यापासून चढत चढत नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालेले, आणि अजून प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करणारे. त्यांच्यासमोर लॉगिनचा कागद होता.

"कोण माणूस मेलेलं नाही," ते म्हणाले. "देवाची कृपा. मला कोणाला फासावर द्यायचं नाही. फक्त कोणी केलं तेवढं सांगा. ज्यानं केलं त्याला समज देऊ, विषय संपला. पण खोटं बोलाल तर मात्र या हॉस्पिटलात जागा नाही."

एवढं सोपं होतं. नंतर यज्ञेशला सगळ्यात जास्त हेच डसणार होतं की ते एवढं सोपं होतं.

"कागदावर नाव मनस्विनी साळवींचं आहे," सुर्वे म्हणाले.

"मी नव्हते, साहेब. मी पुळ्याला होते. रजेचा अर्ज आहे माझा."

"अर्ज दोनपासूनचा आहे. गाडी हॉस्पिटलच्या दारातून तीनला सुटली असं वॉचमन सांगतो."

"पाहुण्यांना उशीर झाला म्हणून मी फाटकाशी थांबले होते. आत आलेच नाही." तिचा आवाज चिरकला. "सर, तुम्ही सांगा ना. तुम्ही होता आत."

आणि ती यज्ञेशकडे बघत राहिली. रागानं नाही. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती ती एकटीच. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरलेले, त्यात बघायला आलेली माणसं अजून उत्तर द्यायची होती. हे सगळं यज्ञेशला ठाऊक होतं. आता हा बोलेल, म्हणून ती वाट बघत होती.

टेबल तेच होतं. सनमायकाही तोच. रेघोटे आता जास्त झाले होते.

"मी लॅबमध्ये होतो," यज्ञेश म्हणाला. "मला कल्पना नाही."

तेवढ्यात दार ढकलून लॅबची बाई आत डोकावली. "चालू झालं हो सगळं! आत्ताच. आपोआप."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मनस्विनी रडत नव्हती. ती सुर्व्यांनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही करत होती. यज्ञेशनं "साहेब, मी निघू का? घरी म्हाळ आहे," असं विचारलं. सुर्वे कागद गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही. यज्ञेशनं पुन्हा विचारलं. त्यांनी पंखा बंद केला आणि त्याच्या बाजूनं निघून गेले. तापलेत, असं त्याला वाटलं.

निघण्यापूर्वी त्यानं सर्व्हर-रूममध्ये डोकावून पाहिलं. पडद्यावर यादी उघडी होती. ईथ-झिरो जागेवर आलेलं होतं. पत्ता सात-सी-शून्य-चार, आणि सगळी बिऱ्हाडं त्याच्यावरून सुखानं चाललेली. खाली एक, दोन, तीन. त्यानं काल स्वतःच्या हातानं बसवलेलं चौथं कार्ड यादीत नव्हतं. फाईलमध्येही नव्हतं. त्याची ओळच नव्हती. जणू ते कुणी बसवलंच नव्हतं.

खोक्यावरच्या त्या वायरीची चिठ्ठी दोऱ्यासकट गेली होती.

फाटकातला विठू वॉचमन रोज सलाम ठोकायचा. आज तो तंबाखू मळत राहिला. यज्ञेशची मोटरसायकल जागेवर नव्हती. रिक्षाला हात केला, ती थांबली नाही. दुसरी थांबली नाही. तिसरी त्याच्या इतक्या जवळून गेली की त्यानं शिवी हासडली, आणि रिक्षावाल्यानं वळूनही पाहिलं नाही. ऊन कडक पडलं होतं. तो चालतच झाडगावात, घराकडे आला. घामाचा थेंब नव्हता अंगावर, हे घराजवळ आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पायरीशी त्यानं चपला काढायला पाय उचलला. पायात चपला नव्हत्या. तळव्यांना पांढरी वाळू चिकटलेली होती.

पायरीवर एक जोड होता. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं शिवलेला.

"आई," तो म्हणाला.

कमलाबाई हातात केळीचं पान घेऊन बाहेर आल्या. त्याच्या अगदी जवळून, पदर लागेल इतक्या जवळून अंगणात गेल्या. गडग्यावर त्यांनी पान ठेवलं. भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. अळू नव्हतं. लहानपणी अळूनं यज्ञेशचा घसा सुजला होता. तेव्हापासून आई त्याला वेगळी भेंडी करायची. पानावर भेंडी होती.

मागोमाग मास्तर आले, सोवळ्यात. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि मागं सरले. आंब्यावरचा कावळा गडग्यावर उतरला. पानाकडे बघून बसून राहिला.

"यज्ञेशा," मास्तर म्हणाले, "आईची काळजी करू नकोस. आम्ही आहोत एकमेकांना."

कावळा हलला नाही.

"तुझी मोटरसायकल अजून पुसून ठेवलेली आहे. विकणार नाही."

कावळा मान तिरकी करून बसला.

"दर वर्षी असंच," कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "सहा वर्षं झाली. काय राहिलंय रे तुझं मागं? सांगितलंस तर करू ना आम्ही."

काय राहिलंय ते यज्ञेशला ठाऊक होतं. एकच वाक्य होतं, आणि ते आता त्यानं म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तुळसाचं नाव घेतलं, मनस्विनीचं घेतलं, मग स्वतःचं घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, दोघांच्या मधोमध उभं राहून, घसा फुटेस्तोवर.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तू बस रे जेवायला," कमलाबाईंनी घराकडे तोंड करून हाक दिली. "निवतंय सगळं. हा कावळा काही शिवायचा नाही."

आतून कढीचा लांबलचक भुरका ऐकू आला.

"हळू रे," आई म्हणाली, आणि आत गेली.